जरा उजळ काढा

माझा फोटो चांगला येत नाही, ही गोष्ट मी वयाच्या आठव्या वर्षीच मान्य करून टाकली. मुंजीतल्या ग्रुप फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. कॉलेजच्या ओळखपत्रावर मी नुकताच पकडला गेलेला पाकीटमार दिसतो. आणि लग्नाच्या अल्बममध्ये सौ.च्या शेजारी जो इसम उभा आहे, त्याच्या चेहऱ्यावर फ्लॅशचा उजेड आणि भविष्याची काळजी यांचं असं काही मिश्रण झालं आहे, की पाहुण्यांना अल्बम दाखवताना सौ. ते पान अजूनही जरा भरभर उलटते. याबद्दल मी कधी कुणाला दोष दिला नाही. कॅमेरा म्हणजे शेवटी आरसाच. फरक एवढाच, की आरशासमोरून बाजूला झालं की सुटका होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांत माझे फोटो एकाएकी चांगले येऊ लागले आहेत. सत्तरी ओलांडल्यावर माणसाचा चेहरा उजळायला लागला तर दोनच शक्यता उरतात. एक तर त्याला आत्मज्ञान झालं असावं, किंवा घरात कुणाला तरी फोटो सुधारण्याचं व्यसन लागलं असावं. आत्मज्ञानाचं म्हणाल, तर आमच्याकडे अजून दुधाच्या हिशेबावरून आवाज चढतात. तेव्हा उरलं ते दुसरं.

आमच्या घरातला हा व्यसनी म्हणजे माझा पुतण्या. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं विजेचं बिल तोच भरतो, रेल्वेची तिकिटं तोच काढतो, आणि 'पासवर्ड विसरलो रे' असं मी महिन्यातून तीनदा म्हणतो तेव्हा कपाळावर आठीसुद्धा पडू देत नाही. पण फोटो समोर आला की त्याच्या बोटांना राहवत नाही. तसबीर किंचित वाकडी दिसली की काही बायका जाता जाता ती सरळ करतात ना, अगदी दुसऱ्याच्या घरातली असली तरी, तसं त्याचं आहे.

गेल्या वर्षी श्रावणात आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो होतो. आता श्रावणात माणूस महाबळेश्वरला कशासाठी जातो? धुक्यासाठी. आर्थर सीटवर मी तासभर उभा होतो. समोर जवळजवळ काहीही दिसत नव्हतं, आणि ते इतकं सुंदर दिसत नव्हतं म्हणून सांगू! घरी आल्यावर पुतण्याने फोटो पाठवले. पाहतो तो दरी लख्ख, पलीकडचे डोंगर धुऊन इस्त्री करून ठेवलेले.

"अरे, धुकं कुठे गेलं?"

"काढून टाकलं, काका. त्याला वेगळी पट्टी असते. सरकवली की धुकं जातं."

म्हणजे आठ माणसांचं जाणं-येणं, दोन दिवसांचं हॉटेल, माझी सर्दी, हे सगळं ज्याच्यासाठी, ते या पोराने एका बोटाने काढून टाकलं! बरं, तेवढ्यावर भागलं नाही. पावसाळ्यातला सह्याद्रीचा हिरवा हा एक हिरवा नव्हेच. त्यात शेवाळी असतो, काळपट असतो, खाचरातल्या भाताचा कोवळा असतो, आणि मधूनच ओल्या कातळाचा काळा येऊन या सगळ्यांना गप्प बसवतो. पुतण्याच्या फोटोत एकच रंग होता. पोपटी. सगळ्या डोंगरावर जणू पोपटांचं अधिवेशन भरलं होतं आणि मध्यभागी मी, गालांवर लाली चढवलेला, अध्यक्षस्थानी.

मी तक्रार केली तेव्हा त्याने मला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं. फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, तांबड्याचा, हिरव्याचा आणि निळ्याचा. आकडा शून्य ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळा ठिक्कर, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा शुभ्र. उजेडाची पट्टी सरकवली की हे आकडे वर चढतात, रंगाची पट्टी सरकवली की एकमेकांपासून दूर पळतात. गणितात मी आयुष्यभर ग्रेसने पास झालेला माणूस, पण एक प्रश्न मला सुचला.

"आणि २५५च्या वर गेलं तर?"

"वर काही नसतं, काका. सगळं नुसतं पांढरं होतं. मग तिथे ढग होता की नव्हता, ते कळत नाही."

हे वाक्य त्याने अगदी सहज उच्चारलं. माझ्या मात्र ते डोक्यातून गेलं नाही.

बाकी त्याचं बोलणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खिडकीत बसलेल्या माणसाचा फोटो काढला की बाहेरचा उजेड येतो आणि माणसाचं तोंड काळं पडतं. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसत असतात, कॅमेऱ्याला जमत नाही. तेव्हा ती सावली जरा उचलून दिली तर तो खोटेपणा नव्हे, उलट खऱ्याच्या जवळ जाणं झालं. शिवाय हल्लीचा फोन एका फोटोसाठी गुपचूप अनेक फोटो काढतो आणि एकावर एक बसवतो. म्हणजे आपल्या हातात पडतो तोच शिजवलेला, कच्चा कुणी खातच नाही. आणि पूर्वीचे लोक तरी कुठे सोवळे होते? ॲन्सेल ॲडम्स नावाचा अमेरिकेतला थोर फोटोग्राफर. १९४१ साली त्याने न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हवरून प्रती छापताना आकाश अधिकाधिक काळं करत गेला. एवढं कशाला, आमच्याच दिवाणखान्यात आजोबांचा हाताने रंगवलेला फोटो आहे. पगडी लाल, गाल गुलाबी, डोळे किंचित निळसर. आमच्या सात पिढ्यांत निळे डोळे कुणाचे नाहीत. रंगाऱ्याकडे त्या दिवशी तोच रंग शिल्लक असावा.

एवढे पुरावे पाहून एखाद्या वकिलाने खटला तिथेच काढून घेतला असता. मी मास्तर होतो, त्यामुळे हरल्यावरही बोलत राहायची मला सवय आहे.

आणि बोलायला निमित्तही होतं. आमच्या बेबीची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. (बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय वर्षं अडुसष्ट. आमच्या पिढीत घरोघरी एक बेबी असे, आणि ती नातवंडं झाली तरी बेबीच राहते.) २०२० सालच्या ९ सप्टेंबरला रात्री साडेदहाला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ झाली होती, पण उजाडलं नव्हतं. जंगलांना लागलेल्या वणव्यांचा धूर वर चढून सगळं शहर नारिंगी झालं होतं. पोरगी घाबरलेली. "मामा, आकाश बघ, संत्र्यासारखं झालंय," म्हणत तिने फोन खिडकीकडे धरला. आम्हाला पडद्यावर दिसलं साधं राखाडी आकाश. पुण्यात पाऊस यायच्या आधी असतं तसं. बेबी तिलाच म्हणाली, "अगं, झोप झाली नाही का तुझी?"

नंतर कळलं, की त्या दिवशी तिथल्या पुष्कळ लोकांच्या फोननी हाच उद्योग केला होता. आकाश इतकं नारिंगी असणं शक्यच नाही, अशी फोनची ठाम समजूत. तेव्हा त्याने बिचाऱ्याने चूक दुरुस्त केली. जळत्या जंगलांचा रंग चूक, यंत्राचा अंदाज बरोबर! आणि आम्ही हजारो मैलांवर बसून डोळ्यांनी पाहणाऱ्या पोरीला खोटं ठरवलं, फोनला नाही.

तेव्हापासून 'सुधारणा' या शब्दाचीच मला धास्ती वाटते. पुतण्या म्हणतो, पट्टी दोन्हीकडे सरकते, उजवीकडे उजळ, डावीकडे गडद, कुणी कशी सरकवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. असेल. पण मी आजवर ती घराघरांतून उजवीकडेच सरकलेली पाहिली आहे. डावीकडे सरकवल्याचं एक उदाहरण माझ्या वाचनात आहे, तेही ऐका. १९९४ साली अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णी खेळाडूवर बायकोच्या, म्हणजे घटस्फोटित बायकोच्या, खुनाचा आरोप आला. 'टाइम' साप्ताहिकाने २७ जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचा पोलिसांनी काढलेला फोटो छापला, पण चांगला काळवंडून. नेमका त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो जसाच्या तसा छापला, म्हणून हे लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. म्हणजे बघा, माणूस छान दाखवायचा तर पट्टी उजवीकडे, आणि खुनी दाखवायचा तर डावीकडे. आणि आम्हाला सांगतात, पट्टीला मत नसतं!

मत फिल्मलासुद्धा होतं. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर उतरले की नाही हे ताडून पाहायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्यावर एक गोरी बाई. मूळची बाई कंपनीतच नोकरीला होती, नाव शर्ली, म्हणून त्या कार्डालाच पुढे शर्ली कार्ड म्हणू लागले. शर्लीचा चेहरा नीट आला की जगाचा चेहरा नीट आला, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात डांबरासारखे येत, नुसते डोळे आणि दात. तक्रारी आयांनी केल्या होत्या, शाळांच्या ग्रुप फोटोंत आपली पोरं दिसत नाहीत म्हणून. पण कंपनीने जोराने हातपाय हलवले ते पुढे, लाकडी फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले ओरडू लागले तेव्हा. शिसवी आणि सागवानी यांतला फरक कळत नाही म्हणजे काय! माणसांचं काय, ती सगळी सारखीच.

आणि आपण काही कमी नाही. साडीच्या दुकानात आमच्या बायकांना आमसुली, अंजिरी, वांगी, डाळिंबी हे चार रंग डोळे मिटून वेगळे ओळखता येतात. दुकानदाराने अंजिरीला वांगी म्हटलं तर त्याची धडगत नाही. माणसाच्या अंगाचा रंग आला की मात्र गव्हाळ, निमगोरी, सावळी अशी जिन्यासारखी मांडणी, आणि जिना सगळा वर चढणारा. गोरं करणारं मलम १९७५ साली बाजारात आलं. २०२० साली त्याच्या नावातला 'गोरी' हा अर्थ काढून तिथे 'तेज' आणलं. मलम आहेच. आता तर तेही नको, बोट पुरे.

तरीही मी हा लेख लिहिला नसता. महाबळेश्वरचं धुकं काय, पुढच्या श्रावणात पुन्हा येईल.

आमची आई काळी होती. सावळी नव्हे, काळी. ती स्वतःच तसं म्हणे. तीन ठिकाणी 'दाखवून' नकार आला होता. चौथ्या ठिकाणी आमच्या वडिलांनी तिला रंगापेक्षा वाचनाबद्दल जास्त विचारलं म्हणून आम्ही जन्माला आलो. साताऱ्याच्या घरात आजी तिला 'काळूबाई' म्हणून हाक मारायची. आई म्हणायची, "मांढरदेवीचं नाव घेताय सासूबाई, पुण्य तुम्हालाच लागेल." विठोबाच्या तसबिरीपुढे फुलं ठेवताना एकदा ती मला म्हणाली होती, "याला कुणी कधी विचारलं का रे, की असा कसा?" त्या वेळी मी हसलो होतो. मला वाटलं, विनोद करतेय.

गेल्या वर्षी, नव्वदाव्या वर्षी, ती गेली. वर्षश्राद्धाला मोठा फोटो लावायचा ठरलं. पुतण्याकडे त्याने स्वतःच २०२१ साली काढलेला एक फोटो होता. साताऱ्याच्या घराची मागची पायरी, उतरतं ऊन, अंगावर आमसुली इरकल, मांडीवर सूप, आणि आई भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. तोंड अर्धं सावलीत. फोटो मी पाहिलेला होता, म्हणून "तोच लाव" म्हटलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी तो फ्रेम करून घेऊन आला. कागद सोडवला. आतून एक गोरी बाई निघाली. टवटवीत, गुळगुळीत, गाल भरलेले. लुगडं राणी रंगाचं. संध्याकाळ जाऊन तिथे सकाळचे अकरा वाजले होते. कपाळावर आईचं गोंदण होतं, लहानपणी जत्रेत काढलेलं. ते यंत्राला डाग वाटलं असावं. ते गेलं होतं.

पाहुणे जमले. सगळे म्हणाले, "काय सुंदर आलाय हो फोटो!" "किती प्रसन्न दिसतात!" मावशी तेवढी राहिली होती, वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. तिने चष्मा पुसला, फोटोजवळ गेली, हार बाजूला करून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ही कोण रे? तुझ्या सूनबाईंच्या माहेरची का?"

पाहुणे जाईपर्यंत मी दम धरला. मग पुतण्याला समोर उभं केलं आणि वरचं सगळं व्याख्यान, शर्ली, सिम्प्सन, संत्र्यासारखं आकाश, त्याच्या अंगावर फेकलं. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "काका, आजी छान दिसावी असं वाटलं मला."

"छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे... छान."

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात बेबी स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बाहेर आली. "दादा, त्याला कशाला बोलतोस? 'जरा उजळ काढा' कुणी म्हटलं होतं?"

मी खालीच बसलो.

१९७९ साल. बेबीला स्थळं पाहत होतो. बेबी आईवर गेलेली. साताऱ्यातल्या एका स्टुडिओत मीच तिला घेऊन गेलो होतो, आणि ती आत पदर नीट करत असताना फोटोग्राफरच्या कानाशी लागून मीच ते तीन शब्द बोललो होतो. जास्तीचे पैसेही दिले. त्या वेळी ही पट्टी नव्हती, पेन्सिल होती. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी शिसपेन्सिलीने नाजूक रेघा मारायच्या. निगेटिव्हमध्ये जितकं काळं कराल तितकं ते छापताना पांढरं उतरतं. माणूस कसबी होता. फोटो असा आला, की मी स्वतःवर खूश झालो. सहा ठिकाणी पाठवला. एका ठिकाणचे लोक बघायला आले. बेबी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने हातातल्या फोटोकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाली, "फोटो मात्र छान आलाय हो." बस. दुसरं काही बोलल्या नाहीत. पोहे खाल्ले, पत्राने कळवतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उरलेल्या सगळ्या प्रती बंबात घातल्या. पाणी तापलं, आमच्या आंघोळी झाल्या. ती मला एवढंच म्हणाली, "पुन्हा हिला रंग लावायला जाऊ नकोस." पुढे बेबीचं लग्न झालं ते साध्या पासपोर्ट फोटोवर.

ही गोष्ट मी सेहेचाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. बेबीनेही नाही. पुतण्या तोंड उघडं टाकून दोघांकडे पाहत होता.

आता त्या यंत्राची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच्यात परत फिरायची वाट ठेवलेली असते. बंबात घातलेली निगेटिव्ह परत येत नाही, हा मात्र एक बटण दाबून मूळ फोटोवर आला. पायरी आली, संध्याकाळ आली, इरकल आमसुली झालं. तोंड सावलीत गेलं, ते जरा जास्तच गेलं होतं. कॅमेऱ्याला जमत नाही ते हेच. मीच म्हटलं, "सावली जरा उचल. पण गोंदण दिसेल इतकीच." त्याने पट्टी हळूहळू सरकवली. मी थांब म्हणालो. बेबी चष्मा लावून मागे उभी होती. ती पुढे वाकली, आपलं बोट पडद्यावर ठेवलं आणि पट्टी थोडी डावीकडे ओढली.

"आई एवढी उजळ नव्हती," ती म्हणाली.

अर्धा तास हे चाललं होतं. एक बोट उजवीकडे, एक बोट डावीकडे. शेवटी एका जागी तिघांचं जमलं.

फ्रेम तीच वापरली, चांगली सागवानी आहे. फक्त नवीन कागद पातळ होता, काचेत सैल बसत होता. फ्रेमवाला म्हणाला, मागे आधाराला एखादा जाड कागद घाला. तो घरात होताच.